कंपनी पाठीशी नसताना जेतेपद कसं मिळालं? ब्रिटनच्या मॅट नीलची खासगी टीम समजून घ्या

एप्रिल १९९९. इंग्लंडमधल्या डोनिंग्टन पार्क ट्रॅकवर ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपच्या मोसमाची पहिली फेरी होती. आयोजकांचं एक बक्षीस जाहीर झालेलं होतं. कार कंपनीच्या पाठबळाशिवाय उतरलेला एखादा ड्रायव्हर सगळ्यांना मागं टाकून शर्यत जिंकला, तर त्याला अडीच लाख पाउंड मिळणार होते. त्या वेळच्या दरानं ही रक्कम १ कोटी ७० लाख रुपयांच्या आसपास जाते. एका शर्यतीसाठी एवढे पैसे लावले, यावरून असं घडण्याची शक्यता किती कमी धरली जात होती ते कळतं.

घडलं मात्र तेच. जुनी निसान प्रिमेरा घेऊन आलेल्या मॅट नीलनं शर्यत मारली आणि आयोजकांना चेक फाडावा लागला.

आधी ही स्पर्धा काय आहे ते पाहू. १९५८ साली ती ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप या नावानं सुरू झाली, १९८७ पासून तिला टूरिंग कार म्हणू लागले. सलून म्हणजे आपल्याकडं जिला सेडान म्हणतात ती घरगुती, चार दारांची गाडी. फॉर्म्युला वनची गाडी शोरूममध्ये मिळत नाही, पण ही मिळते. बाहेरून ती शेजाऱ्याच्या गाडीसारखीच दिसते, आतून सगळं बदललेलं असतं. त्यामुळंच कंपन्यांना या स्पर्धेत रस असतो, कारण रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी विकायला काढता येते.

कंपनीची टीम आणि खासगी टीम

कंपनीच्या टीमला नवी गाडी, नवं इंजिन आणि इंजिनिअरांचा ताफा मिळतो. सरावाला हवे तेवढे दिवस मिळतात. नव्वदच्या दशकात हा खर्च इतका वाढला, की मोठ्या कंपन्या एका मोसमावर कित्येक दशलक्ष पाउंड ओतायच्या. १९९९ मध्ये निसान, व्होल्वो, रेनॉ, होंडा, फोर्ड आणि व्हॉक्सहॉल अशा सहा कंपन्या मैदानात होत्या.

खासगी ड्रायव्हरच्या वाट्याला बहुतेक वेळा कंपनीनं वापरून सोडलेली गाडी येते. इंजिनात सुधारणा झाली तर ती आधी कंपनीच्या गाडीत बसते. पैसा प्रायोजकांच्या स्टिकरमधून, स्वतःच्या धंद्यातून किंवा घरातून उभा करायचा असतो. या स्पर्धेत गाड्या एकमेकींना घासत, धडकत जातात. कंपनीच्या ड्रायव्हरची गाडी ठोकली तर मेकॅनिक रात्रभर बसून दुसऱ्या दिवशी उभी करतात. खासगी ड्रायव्हरची ठोकली तर पुढच्या फेरीला जायचं की नाही हे बिल बघून ठरतं. बैलगाडा शर्यतीत घरची एकच जोडी असलेला मालक ती किती जपून पळवतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली घालमेल वेगळी सांगायला नको.

नुसता जेतेपदाचा शिक्काही उपयोगाला येत नाही. रॉब ग्रॅव्हेटचं उदाहरण घ्या. १९९० मध्ये त्यानं ट्रॅकस्टार या स्वतःच्या टीमकडून, फोर्ड सिएरा आरएस ५०० चालवत अख्खी स्पर्धा जिंकली. दुसऱ्याच वर्षी नियम बदलले आणि फक्त दोन लिटरच्या गाड्यांना परवानगी राहिली. चॅम्पियन झालेली ताकदवान टर्बो गाडी या स्पर्धेपुरती एका झटक्यात बाद झाली. कंपनीच्या टीमला नवी गाडी कंपनी देते, खासगी माणसाला मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागतं. ग्रॅव्हेट पुढं १९९७ मध्ये होंडा अकॉर्ड घेऊन खासगी ड्रायव्हरांच्या गटात पहिला आला, पण मुख्य जेतेपद त्याला परत मिळालं नाही.

नील वेगळा का ठरला?

मग मॅट नील कसा टिकला? चाकं बनवणाऱ्या कारखान्यामुळं, असं म्हटलं तर फार चुकीचं होणार नाही.

त्याचे वडील स्टीव्ह नील साठच्या दशकात याच स्पर्धेत मिनी चालवायचे. पुढं त्यांनी रिमस्टॉक ही अलॉय व्हील बनवणारी कंपनी उभी केली आणि टीम डायनॅमिक्स ही रेसिंग टीमही. टीमच्या नावानं चाकंसुद्धा विकली जायची. म्हणजे ट्रॅकवरची गाडी हीच घरच्या मालाची जाहिरात होती. प्रायोजक पळाला म्हणून टीमला कुलूप लावायची वेळ सहजासहजी येणार नव्हती. हा आधार प्रत्येक खासगी ड्रायव्हरला नसतो, आणि नीलच्या यशाचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही.

तरी वाट सोपी नव्हती. १९९१ मध्ये त्यानं पदार्पण केलं. १९९४ मध्ये माझ्दाची गाडी मिळाली, पण ती मोहीम मोसम संपायच्या आतच गुंडाळली गेली. १९९५ मध्ये तो फोर्ड मॉन्डिओ घेऊन खासगी गटात पहिला आला. त्यात उंची सहा फूट सहा इंच! एवढा माणूस सेडानच्या सीटवर बसवायचा म्हणजे गाडी बांधणाऱ्याची परीक्षाच, कारण रेसिंगमध्ये वजन जितकं खाली राहील तितकं बरं असतं.

१९९९ ची प्रिमेरा कंपनीच्या टीमनं आदल्या वर्षी पळवलेल्या मॉडेलची होती. जुनी असली तरी घासूनपुसून तयार झालेली गाडी होती ती. मोसमाच्या पहिल्या फेरीत नव्या गाड्यांचे दोष अजून निघत असतात, तेव्हा अशी गाडी कामाला येते. त्या वर्षीचं जेतेपद मात्र निसानच्याच अधिकृत टीमच्या लॉरों आयेलोनं नेलं. एखादी शर्यत मारणं आणि वर्षभर पुढं राहणं यात पैशाचं अंतर किती असतं, ते इथं दिसतं.

नंतर खर्च इतका झाला की कंपन्याच गळू लागल्या. २००० मध्ये तीनच उरल्या आणि २००१ पासून स्वस्त नियम आले. खासगी टीमसाठी दार उघडलं ते इथं. मध्यंतरी दुसऱ्या टीमच्या व्हॉक्सहॉल आणि होंडा चालवून नील घरच्या टीममध्ये परतला. २००५ साठी टीम डायनॅमिक्सनं होंडा इंटिग्रा निवडली. गंमत म्हणजे हे मॉडेल होंडा ब्रिटनमध्ये अधिकृतपणे विकतच नव्हती, त्यामुळं कंपनीला तिच्या जाहिरातीत रस असण्याचं कारण नव्हतं. गाडी टीमनं स्वतः बांधली. त्या मोसमात ३० शर्यती होत्या. व्हॉक्सहॉलचा इव्हान म्युलर दुसरा राहिला आणि नील चॅम्पियन झाला. २००६ मध्ये सिआटच्या जेसन प्लॅटोला मागं टाकून त्यानं जेतेपद राखलं.

यात नियमांचाही हात होता. जिंकणाऱ्या गाडीत पुढच्या शर्यतीसाठी जादा वजन भरलं जायचं, त्यामुळं एकट्यानं पळ काढणं अवघड होतं. अशा वेळी रोज पहिला येणाऱ्यापेक्षा गाडी न मोडता दर वेळी गुण आणणारा पुढं जातो. बिलाच्या धाकानं खासगी ड्रायव्हर हे आधीच शिकलेला असतो!

पुढं काय झालं?

२००८ आणि २००९ मध्ये नील व्हॉक्सहॉलच्या अधिकृत टीमकडं गेला, पण मोठी टीम हाती येऊनही त्या दोन वर्षांत जेतेपद आलं नाही. त्या कंपनीनं २००९ नंतर स्पर्धा सोडली. २०१० पासून घरची टीम डायनॅमिक्सच होंडाची अधिकृत टीम बनली आणि २०११ मध्ये त्याचं तिसरं जेतेपद आलं. ते मात्र खासगी म्हणता येणार नाही.

त्याच सुमारास आलेल्या नियमांनी गिअरबॉक्स, ब्रेक, इंजिनचा कंट्रोल युनिट असे बरेच भाग सगळ्यांना सारखेच केले. स्वतःचं इंजिन बनवायची ऐपत नसेल तर आयोजकांचं भाड्यानं घेता येतं. २०१३ मध्ये अँड्र्यू जॉर्डननं वडिलांच्या टीमची होंडा सिव्हिक चालवत स्पर्धा जिंकली, ती याच नियमांच्या काळात.

नील २०२० पर्यंत पळवत राहिला. त्या मोसमानंतर होंडानं हात काढून घेतला. २०२१ मध्ये टीम डायनॅमिक्स पुन्हा स्वतःच्या हिमतीवर उतरली. स्टिअरिंगवर जुना सहकारी गॉर्डन शेडन होता, नील ट्रॅकच्या बाहेर.