शेवटच्या माणसाला दिसावं म्हणून

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी मोठी सभा ठरली की मांडववाल्याला निरोप जातो. बल्ल्या, कनाती, सतरंज्या, कर्णे आले, की एका रात्रीत शाळेच्या मैदानावर शेकडो माणसांची सोय होते आणि दोन दिवसांनी तिथे पुन्हा पोरं क्रिकेट खेळतात. जगात कुठेही इतकं स्वस्त सभागृह मिळायचं नाही. त्याची खोड एकच, जमीन सपाट. पहिल्या चार रांगांना वक्ता दिसतो, बाकीच्यांना फेटे.

हे कोडं कोल्हापूरच्या ऐन मध्यवस्तीत शंभर वर्षांपूर्वी मातीनेच सोडवलं गेलं. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. आपल्या पैलवानांच्या कुस्त्या हजारो लोकांना अशाच बसून पाहता याव्यात, हे त्यांच्या मनाने घेतलं. १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं. मधोमध आखाडा, त्यात ताक, तेल, हळद घालून मळलेली लाल माती, आणि भोवताली वर चढत जाणारी जमीन. कलोसियम दगडी कमानींवर कमानी रचून उंच गेलं. खासबागेत माणूस जमिनीवरच बसतो, फक्त ती जमीन त्याला उचलून धरते.

किती उचलायचं, यात खरी गंमत आहे. माणसाच्या डोळ्यापासून टाळूपर्यंत साधारण ११-१२ सेंटिमीटर अंतर असतं. मागच्याची नजर पुढच्याच्या डोक्यावरून निसटून जायची असेल तर तेवढी वाट मोकळी हवी. प्रत्येक रांगेला सारखीच मोकळीक द्यायची म्हटली, की हिशेब असा येतो की मागे जाल तसा चढही वाढला पाहिजे. म्हणून नेमक्या हिशेबाने बांधलेल्या प्रेक्षागृहाची जमीन सरळसोट उताराची नसते, वाटीच्या कडेसारखी वर वळत जाते. आणि नजरेची वाट मोकळी झाली की आवाजाचीही होते. सपाट जमिनीवर तो डोक्यांना आणि कपड्यांना घासत जातो आणि वाटेतच जिरतो. एका चढात दोन्ही कामं होतात!

कुस्तीची सोय झाली, पण नाटकाचं काय? खासबागेला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर उभं राहिलं. मैदानाच्या बाजूला एक खुला रंगमंचही आहे. कुस्ती आणि संगीत नाटक पाठीला पाठ लावून नांदवणारी अशी जागा मला तरी दुसरी माहीत नाही. थिएटरच्या प्रेक्षागृहात मध्ये एकही खांब नव्हता. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. नटाने नाट्यपद गायचं ते नुसत्या गळ्याच्या जोरावर.

बंद खोलीत मात्र आवाजाची वेगळीच पीडा असते. तो भिंतींवर आपटून परत येतो. सरळ आलेल्या आवाजापेक्षा हा परतलेला आवाज सतराएक मीटर जास्त फिरून आला, तर त्याला सेकंदाचा विसावा भाग उशीर होतो आणि शब्दांवर शब्द चढू लागतात. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने एक नवं व्याख्यानगृह बांधलं, त्यात एक शब्द उच्चारला की तो पाच-साडेपाच सेकंद घुमत राही. १८९५ साली वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. हा गृहस्थ रात्रीच्या शांततेत शेजारच्या थिएटरातल्या गाद्या उचलून आणी, मोजमाप करी आणि सकाळपर्यंत त्या परत नेऊन ठेवी. त्यातून त्याला सूत्र सापडलं: घुमणं किती वेळ टिकणार हे खोलीचं आकारमान आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू यांवर ठरतं. भाषणाला सेकंदभर घुमणं पुरतं, मोठ्या वाद्यवृंदाला दोनेक सेकंद लागतात. बसलेली माणसं आवाज चांगलाच पितात. म्हणून रिकाम्या सभागृहात घेतलेली माइकची चाचणी कार्यक्रमाला फसते. पॅलेस थिएटरचं काम सुरू झालं तेव्हा हे सूत्र जेमतेम पंधरा वर्षांचं होतं.

१९५७ साली या थिएटरला कोल्हापूरचेच गायकनट केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. त्यांची जयंती ९ ऑगस्टला. २०२४ साली तिच्या आदल्याच रात्री नाट्यगृहाला आग लागली. छप्पर आणि रंगमंच जळाले, दगडी भिंती तेवढ्या राहिल्या.

आता गावोगावी सांस्कृतिक सभागृहं होत आहेत. चर्चा असते ती एसीची, झुंबरांची आणि कोनशिलेवरच्या नावांची. तुमच्या गावच्या सभागृहाचा नकाशा मंजुरीला आला, तर वरून काढलेल्या आराखड्यावर समाधान मानू नका, उभा छेद मागून घ्या. शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यापासून व्यासपीठापर्यंत पट्टीने एक रेघ ओढा. ती मध्येच कुणाच्या डोक्यात घुसली, तर हरकत तेव्हाच नोंदवा. काँक्रीट पडल्यावर जमिनीला चढ देता येत नाही.