डोंगरातला मुक्काम : तंबू कोठे ठोकावा?



हंगाम आटोपला, शेवटची मोळी गव्हाणीत पडली, की घरातल्या तरुण मंडळींना डोंगराचे वेध लागतात. शनिवारी दुपारी चार मोटारसायकली निघतात, पाठीवर तंबूच्या वळकट्या असतात, आणि आई दारातून विचारते, "झोपणार कुठं रे?" त्यावर उत्तर येते, "बघू तिथं गेल्यावर." हे 'बघू' आम्हीही एकदा केले आहे, म्हणून हा लेख.

आम्हा अंबडकरांना डोंगर लांब नाही. पांडवलेण्याचा डोंगर तर अंगणातलाच. पण रात्रभराच्या मुक्कामाला बहुतेकांची धाव असते भंडारदऱ्याकडे. महामार्गाने विल्होळी, घोटी, तेथून डावीकडे वळून बारी आणि पुढे शेंडी. सारे मिळून 70 किलोमीटरच्या आसपास. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव. 1646 मीटर उंचीचे हे शिखर राज्यात सर्वांत उंच. शेंडीला प्रवरेवरचे धरण आहे, ते 1926 साली पूर्ण झाले. ऊसवाल्यांनी या धरणाला एक नमस्कार करूनच पुढे जावे असे आम्हाला वाटते. याच पाण्यावर प्रवरेकाठी ऊस वाढला आणि पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. असो, विषय तंबूचा आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सहाजण काजवे पाहायला रतनवाडीच्या बाजूला गेलो. पोहोचेपर्यंत अंधार पडला. बॅटरीच्या उजेडात एक छान सपाट, मऊ वाळूची जागा सापडली, दगड नाही, काटा नाही. तंबू ठोकले. तेवढ्यात गुरे शोधत आलेले एक म्हातारबाबा थांबले. म्हणाले, "पाव्हणं, ही वाळू इथं कुणी आणून टाकली असंल?" आम्ही हसलो. ते हसले नाहीत. "ओहळानं आणली. वर डोंगरात ईज चमकतीया. उठा." कुरकुरत उठलो, पन्नास पावले वर त्यांच्या खळ्यावर गेलो. आमच्या डोक्यावर तर चांदणे होते. रात्री अकराच्या सुमारास ओहळातून घरघर असा आवाज आला, आणि सकाळी पाहतो तो आमच्या चुलीच्या जागी कमरेएवढे गढूळ पाणी.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की सपाट आणि मऊ जागा दिसली तर ती कोणी सपाट केली हे आधी विचारावे. वळवाचा पाऊस माथ्यावर पडतो, आणि पाणी येते ते खालच्या कोरड्या ओहळातून.

दुसरा धोका आपल्याला कळायला हवा, कारण तो आपल्याच व्यवहारातला आहे. धरणाच्या खाली नदीच्या पात्रात उन्हाळ्यात मोठमोठ्या कातळांची सुरेख जागा असते. पण आवर्तन सुटते ते आभाळ पाहून नाही. उसाला पाणी हवे म्हणून आपणच मागणी करतो, आणि पाणी सुटले की निरभ्र आकाशाखाली कोरडे पात्र वाहू लागते. धरणावर वीजघरेही आहेत. म्हणून धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात मुक्काम नको म्हणजे नको, पोरे कितीही हट्ट करोत.

धरणाच्या वरच्या बाजूला, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जमिनीवर आज बरेच तंबू दिसतात. हिवाळ्यात ही जागा चांगली, पण अगदी पाण्याच्या कडेला झोपू नये. द्राक्षबागाईतदारांना सांगायला नको, की थंडीचा फटका आधी खोलगट भागाला बसतो. गार हवा उतरून खाली साचते. शंभर पावले चढावर गेलात तर दव कमी आणि झोप बरी. पण चढायचे म्हणून थेट कड्यावर किंवा खिंडीतही जाऊ नका, तेथे वारा तंबू उचलतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहून डोळे फिरतात, पण तो पाहायचा; झोपायला मागे आडोशाला यावे. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळे असतात, तेथे धूर करणे म्हणजे संकट ओढवून घेणे. विजा चमकू लागल्या तर उघडा माथा आणि एकटे झाड दोन्ही सोडावे.

हे सारे आम्ही पुस्तकातून शिकलेलो नाही. तोडणीच्या टोळ्या आपल्याकडे येतात तेव्हा मुकादम तळ कसा निवडतो ते आठवा. आधी पाणी कुठे ते पाहतो, मग बैल बांधायला कोरडी जागा, मग वाऱ्याकडे पाठ करून कोप्या. आणि गावातल्या जाणत्याला विचारल्याशिवाय खुंटी ठोकत नाही. (त्या तळांवर आपण त्यांना काय सोयी देतो, हा वेगळा आणि अवघड विषय आहे.)

रतनवाडी, साम्रद, घाटघर हा सारा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. 1986 साली ते जाहीर झाले. नाक्यावर शुल्क भरून पावती घ्यावी आणि कोठे राहता येते, कोठे नाही, हे तेथेच विचारावे. आमची पसंती गावातल्या एखाद्या घराच्या खळ्याला किंवा शेताला. भाडे त्या घरात जाते, रात्री हाक मारायला माणूस असते. पैसे आगाऊ भरण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारा : संडासाची सोय काय, आणि त्याचे पाणी कोठे जाते? उत्तर 'धरणात' असे असेल तर दुसरी जागा बघा. तेच पाणी खाली कोणी तरी पितो.

तंबूत शेगडी किंवा निखारे कधीही घेऊ नका. बंद जागेत त्याचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. मे महिन्यात गवत वाळून कोळ झालेले असते, उघड्यावर जाळ केला तर वणवा लागायला एक ठिणगी पुरे. सकाळी बूट झटकूनच पायात घालावेत, फुरसे आणि विंचू दोन्ही तिकडे आहेत. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे, हे निघतानाच फोनवर विचारून ठेवावे. बिबट्याची भीती मात्र मुलांना घालू नका, तो आपल्या उसातही राहतो. उष्टे-खरकटे तेवढे उघड्यावर टाकू नये.

आता आनंदाचे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे उतरतात. एक झाड लखलखते, विझते, मग शेजारचे लखलखते. त्यासाठी गाडीचे दिवे, बॅटरी, मोबाईल सारे बंद करून बसावे लागते. उजेडात काजव्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत आणि जोडी जमत नाही. झाडाखाली चालूही नये, कारण माद्या गवतात, जमिनीजवळ असतात. गर्दी नको असेल तर कृपा करून शनिवार टाळा, मंगळवारी जा. शेतकऱ्याला रविवार कशाला हवा?

त्या रात्री खळ्यावर बाबांच्या घरातून नाचणीची भाकरी आणि झणझणीत पिठले आले. आम्ही घरचा गूळ काढला. बाबांनी खडा तोंडात टाकला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गूळ ग्वाड हाये. ऊस कोणत्या पाण्याचा?"

आम्ही म्हणालो, "गोदावरीच्या."

"मंग ठीक," ते म्हणाले, आणि दुसरा खडा मागितला.