बिऱ्हाडाचं घोडं

झरी-तलासरीकडच्या वारली घरांत घोडा भिंतीवर भेटतो. लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते आणि शेजारी घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. घोडा इथे देवाचा आणि नवरदेवाचा. उरलेल्या महाराष्ट्रातही बहुतेकांची त्याच्याशी ओळख वरातीपुरती, पालखीपुरती किंवा यात्रेपुरतीच राहिली आहे. कष्टाचं जनावर म्हणून घोडं बाळगणारे आता थोडे उरले. त्यातले मोठे धनगर.

दसरा-दिवाळी उलटली की माणदेशातले, पुणे-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातले मेंढके चाऱ्यामागे निघतात. कुणी कोकणात उतरतात, कुणी नदीकाठची रानं धरतात, आणि पावसाच्या तोंडाला परततात. बाप्ये मेंढरांमागे चालतात. बाया घोडी घेऊन पुढे जातात, कारण कळप पोचायच्या आत वाडा, म्हणजे मुक्कामाचा तळ, बसायला हवा. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार असतो: पालं, जाळ्या, भांडी, दाणागोटा, पाय बांधलेल्या कोंबड्या, रात्री जन्मलेली कोकरं, कधी त्यावर एखादं लेकरू. हे घोडं कुत्र्यांच्या भुंकण्याने बुजत नाही, मेंढरांवर पाय देत नाही. दगडगोट्यांतून चालतं, सापडेल ते गवत खातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओझ्याखाली उभं राहतं.

हीच भीमथडी. भीमेच्या खोऱ्यात इथल्या काटक तट्टांशी अरबी, तुर्की घोड्यांचं रक्त मिसळत ती घडली. अंगाने लहान, पण दमाची. मराठ्यांच्या घोडदळाने लांबलांबच्या मजला मारल्या त्या अशा जनावरांच्या जोरावर. 1818 नंतर फौजा मोडल्या, पुढे मोटारी आल्या आणि तिला आश्रय देणारे दरबार संपले. मेंढक्यांनी मात्र तिला सोडलं नाही. 2023 साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या राजा बढे यांच्या गीतात भीमथडीच्या तट्टांचं नाव आहे. त्याच सुमारास कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्या पंक्तीत ती आठवी.

नोंद झाली की प्रदर्शनं येतात, आणि यायलाच हवीत. पण कशाचं प्रदर्शन मांडणार?

आपल्याकडच्या घोड्यांच्या मेळ्यांचं मोठं उदाहरण सारंगखेड्याचं. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीकाठी एकमुखी दत्ताची ही यात्रा दत्तजयंतीपासून भरते. राजस्थान, पंजाब, गुजरात, उत्तर प्रदेशातून घोडे येतात: पांढरेशुभ्र नुकरे, काळेभोर मुश्की, अबलख, पंचकल्याणी. पारखी माणूस आधी कानांची टोकं बघतो, मग अंगावरचे भोवरे. देवमन हा शुभ भोवरा असेल तर किंमत चढते, अशुभ भोवरा निघाला तर चांगलं जनावरही मागे पडतं. मग रेवाल चाल, शर्यत, ढोलावरचा नाच. रेवाल चालीचा घोडा जवळून जाताना पाहण्यासारखं सुख थोडंच असतं. पाठ इतकी स्थिर असते की स्वार हलतही नाही. ते कसब खरं आहे आणि ते शिकवणारे लोक मोठे कारागीर आहेत. पण त्या मापात भीमथडी बसणार नाही, आणि बसवायला गेलो तर ती बिघडेल.

कारण बक्षीस ज्याला मिळतं त्याचीच वीण वाढते. अमेरिकेत गुरं राखणाऱ्या क्वार्टर घोड्यांची संघटना 1940 साली टेक्सासात स्थापन झाली. पुढे तिच्या प्रदर्शनांत नुसत्या देहाच्या स्पर्धा फार मानाच्या ठरल्या. 1969 साली जन्मलेला ‘इम्प्रेसिव्ह’ नावाचा घोडा पिळदार स्नायूंमुळे 1974 चा विश्वविजेता झाला आणि सगळ्यांना त्याचीच पिल्लं हवीशी झाली. त्याच्या रक्तातून स्नायू थरथरून जनावर कोसळण्याचा आनुवंशिक आजार हजारो घोड्यांत गेला. अखेर, आई-बाप दोघांकडून हा दोष मिळालेल्या पिल्लांची नोंदच 2007 पासून त्या संघटनेला बंद करावी लागली.

त्याच संघटनेने कामाच्या घोड्यासाठी वेगळी स्पर्धा बांधली आहे. एका घोड्याने सगळं करून दाखवायचं: रानातली मोकळी चाल, अडथळ्यांची वाट, लगामाच्या हुकमावरचे फेरे आणि एकदम थांबणं, गुराला वळवणं, कळपातून एक जनावर वेगळं काढणं. शिवाय देहाची पारखही असते, पण ती सहांतली एक. अडथळ्यांच्या वाटेत स्वाराने खाली न उतरता फाटक उघडून लावायचं, दोराने ओंडका ओढत न्यायचा. कळपातून जनावर काढायच्या खेळात सगळा मिळून अडीच मिनिटांचा वेळ. एकदा ते वेगळं निघालं की त्याला परत कळपात शिरू न देणं हे घोड्याचं काम. खुरांना चकाकी लावायला मनाई, आयाळीची वेणी नको, आणि चांदी मढवलेल्या खोगिराला कामाच्या साध्या खोगिरापेक्षा जास्त गुण नाहीत.

आपल्याला गुरांमागचे स्वार आणायचे नाहीत. आपल्या घोड्याचं काम वेगळं आहे, तेव्हा परीक्षाही त्याच कामाची हवी. सारं बिऱ्हाड अंगावर चढेपर्यंत घोडं न बांधता उभं राहतं का? लगाम न धरता, मागून नुसत्या हाकेवर वाटेने चालतं का? मेंढरांच्या कळपातून, कुत्र्यांमधून शांतपणे जातं का? गुडघाभर पाण्यात बिचकतं का? घाटाची उतरण ओझं न घसरू देता उतरतं का? मुक्काम गाठल्यावर पाठ तपासावी. तिथे खोगिराचा घट्टा किंवा जखम दिसली तर गुण कापावेत, म्हणजे ओझं बांधणाऱ्या हातांचीही पारख होईल. ते हात बहुतेक बायांचे असतात, म्हणून स्पर्धेत नाव त्यांचं लागावं आणि बक्षीसही त्यांच्याच हाती द्यावं. पंचांमध्ये पशुवैद्य असावा, पण त्याच्या शेजारी जन्मभर वाडा हलवलेली एखादी म्हातारी बसलेली असावी. उंची आणि रंगाला गुण नसावेत, भोवऱ्यांना तर नकोच.

स्पर्धेची जागाही सजवलेलं मैदान नसावी. मेंढरं परतीच्या वाटेला लागतात तेव्हा, वाडे जिथे जवळजवळ उतरतात अशा एखाद्या माळावर ती घ्यावी. घोडी तिथे आलेलीच असतात, ओझ्यासकट.