जोड लावावी माशाकडे बघून

नवी काठी घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरला की आधी रीळ हातात घेतो. फिरवून बघतो, बेअरिंग किती ते विचारतो, मग त्या रिळाला शोभेल अशी काठी उचलतो. मासा कुठला धरायचा, हे दुकानदारही विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करावा. आधी मासा ठरवावा. त्याचं तोंड आणि त्याची राहण्याची जागा बघून गळ आणि आमिष ठरतं, त्यावरून दोरी, दोरीवरून काठी. रीळ सगळ्यात शेवटी.

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या माणसाला सुरुवातीसाठी लांब जावं लागत नाही, रंकाळा दाराशी आहे, कळंबाही जवळच. आपल्या तलावांत प्रामुख्याने कटला, रोहू आणि मृगळ. तिन्ही मूळचे उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले, बीज सोडून इकडे वाढवलेले. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. म्हणून तिघांसाठी तीन काठ्या लागत नाहीत. तरंगी आणि गळ यांच्यातलं अंतर बदललं की काम होतं. काठी ९ ते १० फुटी आणि निम्म्यापर्यंत वाकणारी हवी, कारण या माशांचे ओठ मऊ असतात. ताठ काठीने हिसका दिला की गळ ओठ फाडून मोकळा होतो. १२ पौंडी तंगूस आणि ४००० मापाचं स्पिनिंग रीळ या कामाला पुरतं. आमिषाला शेंगदाण्याची पेंड आणि कणीक मळून केलेला गोळा.

या शिकारीत खरी परीक्षा असते ती रिळाच्या ड्रॅगची, म्हणजे दोरी धरून ठेवणाऱ्या ब्रेकची. मासा पळाला की दोरी तुटण्याआधी रीळ सुटलं पाहिजे. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ड्रॅग ठेवावा. १२ पौंड म्हणजे साधारण साडेपाच किलो, तेव्हा ड्रॅग दीड किलोच्या आसपास. हे बोटांच्या अंदाजाने लावू नये. साधा ताणकाटा खिडकीच्या गजाला अडकवावा, काठीच्या कड्यांतून आलेली दोरी त्याच्या हुकाला बांधावी आणि काठी सावकाश उचलावी. शेंडा वाकतो, दोरी ताठ होते, काटा सरकतो. तो दीडवर आला की रिळाने किरकिरत, सलग दोरी सोडायला सुरुवात केली पाहिजे. अडकत अडकत, हिसक्याने सोडत असेल, तर आतल्या चकत्या साफ करायची वेळ आली. मोठा मासा दोरी तोडतो ती बहुतेक वेळा पहिल्याच हिसक्याला.

स्पिनिंग रिळाचा उगम कापडधंद्याच्या मुलखातला आहे. ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ या गिरणीमालकाने १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. यात फिरकी जागची हलत नाही, दोरी तिच्या काठावरून वेढ्यावेढ्याने सुटते. त्यामुळे हलकं आमिषही लांब जातं. बेटकास्टिंग रिळात फिरकीच गरगरते. तिला गती द्यायला आमिषात वजन लागतं आणि ती आवरायला अंगठा तयार लागतो, नाहीतर दोरीचा गुंताळा होतो. पण जोर लावून ओढायचं असेल तर त्याला तोड नाही. मरळीसाठी मी तेच घेईन.

मरळ केंदाळात राहते. तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं, आणि नेमकं तिथेच रबरी बेडूक खेळवायचा. काठी साडेसहा-सात फुटी, जड आणि शेंड्यापाशीच वाकणारी. दोरी ४० ते ५० पौंडी वेणीची, कारण ती ताणत नाही आणि केंदाळाचे देठ कापत जाते. साध्या तंगुसाला ताण असतो, तेवढ्या वेळात मरळ मुळांत शिरते. पाणी फुटलं की लगेच हिसका देऊ नये. बेडूक तोंडात गेला, दोरी सरकली, की मगच मारावं आणि डोकं एकदम वर काढावं.

पण पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका वळवळताना दिसला, तर तिथे काठी टाकू नये. खाली त्यांचे आईबाप राखणीला असतात, ते चिडून कशावरही झडप घालतात. त्यांना उचललं की ती सगळी पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात. ही शिकार मला मान्य नाही. पावसाळ्याच्या तोंडाला अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या चढणीच्या माशांबद्दलही माझं हेच मत आहे.

१९५२ साली भारतात आणलेली चिलापी आता जिथे तिथे आहे. तिला महागडं काही लागत नाही. चिव्याची भरीव, हलकी काठी, काठीएवढीच दोरी, बारीक गळ आणि गांडूळ. मुलांच्या हातात पहिली काठी हीच द्यावी. रीळ घ्यायचंच असेल तर १००० मापाचं आणि ४ ते ६ पौंडी दोरी.

नदीत हिशेब बदलतो. शिंगाळा डोहाच्या तळाशी रात्री फिरतो. त्याला ८ फुटी दणकट काठी, ५००० चं रीळ आणि दोरीवर मोकळं सरकणारं शिसं, म्हणजे आमिष उचलताना वजन जाणवत नाही. त्याचे काटे हात फाडतात, म्हणून पक्कड जवळ हवी. वाम दगडांच्या कपारीत असते, तिला आखूड, ताठ काठी. ढील दिली की ती कपारीत परत घुसते. कोकणात जिताड्यासाठी उतरणाऱ्यांना एवढंच सांगणं की खाऱ्या पाण्याचं रीळ वेगळं ठेवा आणि घरी येताच गोड्या पाण्याने धुवा.

राहता राहिला खडस, आपला दख्खनी महाशीर. कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं, त्यात तो आहे. त्याला वाहतं, स्वच्छ, खडकाळ पाणी लागतं. घशातल्या दातांनी तो कवच असलेले जीव चिरडतो, तिथे पातळ तारेचा गळही वाकतो. पहिली धाव इतकी लांब की रिळावर दीड-दोनशे मीटर दोरी हवीच. ८ ते ९ फुटी, खोलवर वाकणारी काठी, जाड तारेचा एकेरी गळ, आणि त्या गळाचा काटेरी दात पक्कडीने दाबून टाकलेला, म्हणजे मासा पटकन सोडवता येतो. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांनी १९७० च्या दशकापासून याची पैदास केली, पिल्लं ठिकठिकाणच्या पाण्यात सोडली. इकडे पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात, तिथे खडस टिकायचा कसा? वरच्या अंगाला, रीतसर परवानगी असलेल्या पाण्यात तो लागलाच, तर पाण्याबाहेर काढू नये. ओल्या हाताने, तोंड प्रवाहाकडे करून धरावा आणि त्याने स्वतः शेपूट मारेपर्यंत हात काढू नये.