गुलामगिरीचे उत्तरायुष्य

रोममधील कोलोसियम हे प्रचंड क्रीडागृह इसवी सन 80 मध्ये खुले झाले. तेथे सशस्त्र झुंजी खेळणाऱ्यांत गुलामांचा भरणा मोठा असे. पाचव्या शतकात या झुंजी बंद पडल्या, इमारत मात्र उरली. पुढे तिच्या कमानींत लोकांनी बिऱ्हाडे थाटली, एका सरदार घराण्याने तिचा किल्ला केला, आणि 1349 च्या भूकंपात ढासळलेले तिचे दगड शहरातील इतर इमारतींना लागले. गुलामगिरीचेही काहीसे असेच झाले आहे. प्रथा मोडली, परंतु तिचे दगड दुसरीकडे बसविले गेले.

हे पाहण्यास रोमला जावयास नको. आपले जबलपूर 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होते, आणि मराठी राज्यांत कुणबिणी व बटकी यांची खरेदी-विक्री उघड होत असे. इंग्रजी अंमल आल्याने ती तत्काळ थांबली असे नाही. 1833 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींतील गुलामांच्या मुक्ततेचा कायदा केला आणि भरपाईदाखल दोन कोटी पौंड मंजूर केले. ते गुलामांना नव्हे, मालकांना! कंपनीचा हिंदुस्थानातील मुलूख तर त्या कायद्यातून वगळलाच होता.

त्याच वर्षी सागरकडे दुष्काळ पडला. ठगांच्या बंदोबस्तामुळे जबलपुरात ज्याचे नाव अजून घेतले जाते, तो स्लीमन तेव्हा सागरला अधिकारी होता. चालण्याचे त्राण न उरलेल्या माता रस्त्यात पडल्या पडल्या आपली तान्ही मुले उचलून धरीत, आणि यांना गुलाम म्हणून न्या, निदान जगतील तरी, अशी वाटसरूंची विनवणी करीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. गुलामगिरी अन्यायाची आहे हे त्या मातेस कोणत्या तोंडाने सांगावे?

या भुकेवर व्यापार करणारेही होते. 1839 मध्ये स्लीमनने दिल्ली व राजपुताना भागातील अशा टोळ्यांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. दरिद्री वाटसरू आईबापांना ठार मारावयाचे आणि त्यांची मुले विकावयाची, हा त्यांचा धंदा. ज्यांच्यापाशी लुटण्यासारखे काही नाही, त्यांची मुले हीच लूट!

अखेर 1843 चा पाचवा कायदा झाला. त्याची कलमे अवघी चार. मनुष्यावरील मालकी न्यायालयाने मानू नये, गुलामाने मिळविलेली मत्ता तो गुलाम म्हणून हिरावली जाऊ नये, आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो अपराध, तो गुलामाविरुद्धही अपराधच. परंतु गुलाम बाळगणे हा मात्र गुन्हा ठरला नाही. माणसाची खरेदी-विक्री शिक्षेस पात्र झाली ती 1862 मध्ये, दंडसंहिता अमलात आल्यावर.

एवढ्याने सागरच्या मातेची अडचण फिटत नव्हती. माणूस विकता येईना, तेव्हा तो कर्जात बांधला जाऊ लागला. बापाने लग्नाकरिता वा धान्याकरिता उचल घ्यावी आणि मुलाने ती मजुरीने फेडीत राहावे. यात विक्रीचा कागद नाही, म्हणून कायद्यास गुलाम दिसतही नाही. स्वतंत्र भारताच्या घटनेने तेविसाव्या अनुच्छेदात वेठीस मनाई केली, तरी या कर्जांवर थेट घाव बसण्यास 1976 चा वेठबिगारमुक्तीचा कायदा यावा लागला. त्याने वेठबिगाराचे देणेच रद्द ठरविले. 1843 च्या चार कलमांत मजुराच्या कर्जाविषयी एक अक्षरही नव्हते.