शंभरातले सव्वादोन रुपये

एक हिशेब करून पाहू. साल १९७३. तुमची वर्षाची करपात्र मिळकत दोन लाखांच्या वर गेली आहे, म्हणजे त्या काळी तुम्ही देशातल्या अगदी मोजक्या श्रीमंतांत जमा. आता तुम्ही आणखी एक खटला लढवलात किंवा आणखी एक शस्त्रक्रिया केलीत आणि वर शंभर रुपये कमावलेत. त्यावर प्राप्तिकर ८५ रुपये. त्या करावर १५ टक्के अधिभार, म्हणजे १२ रुपये ७५ पैसे. तुमच्या हाती उरले दोन रुपये पंचवीस पैसे.

हा ९७.७५ टक्क्यांचा दर खरोखर या देशात होता. १९७१च्या अर्थसंकल्पात अधिभार वाढला आणि दर या टोकाला पोहोचला. अर्थमंत्री होते देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण. पुढे १९७४ साली त्यांनीच तो एका फटक्यात ७७ टक्क्यांवर आणला. मधली तीन वर्षं म्हणजे जणू एक अवाढव्य प्रयोगच: शेवटच्या शंभरातले सव्वादोन रुपये हाती ठेवले, तर हुशार माणसं अवघड काम करायचं सोडून देतात का?

सरळ तर्कानं पाहिलं तर वकिलांनी काळे कोट खुंटीला लावायला हवे होते. झालं काय? याच काळात, ३१ ऑक्टोबर १९७२ ते २३ मार्च १९७३, सर्वोच्च न्यायालयात तेरा न्यायाधीशांपुढे ६८ दिवस, संसद राज्यघटना कुठवर बदलू शकते यावरचा केशवानंद भारती खटला चालला आणि मुंबईचे वकील नानी पालखीवाला त्यात जिवाचं रान करत होते. हेच पालखीवाला दर वर्षी अर्थसंकल्पावरच्या जाहीर भाषणात या करदरांवर तुटून पडत. पुढे त्या भाषणांना इतकी गर्दी होऊ लागली की ब्रेबॉर्न स्टेडियम लागायचं. ज्या माणसाला या करांची सर्वांत जास्त चीड होती, त्यानं आयुष्यातली सर्वांत कष्टाची वकिली याच वर्षांत केली!

मग तो दर वाया गेला का? मुळीच नाही. त्यानं काय केलं ते वांच्छू समितीनं डिसेंबर १९७१च्या अहवालातच सांगितलं होतं. माजी सरन्यायाधीशांच्या या समितीनं करचुकवेगिरीच्या कारणांत चढ्या दरांना पहिलं स्थान दिलं आणि दर ७५ टक्क्यांवर आणायची शिफारस केली. काम चालूच होतं. थांबली होती ती पावती. फी रोखीत घेतली जाऊ लागली, आणि कंपन्या पगार वाढवण्याऐवजी बंगला, गाडी, ड्रायव्हर देऊ लागल्या.

मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. कराचा दर माणसाच्या मनात एकाच वेळी दोन विरुद्ध ओढी निर्माण करतो. एक ओढ म्हणते, जादा तासाचं मोल कमी झालं, मग थांब, घरी जा. दुसरी म्हणते, हाती कमी येतंय आणि घराचा हप्ता तेवढाच आहे, मग आणखी दोन पेशंट बघ. दोन्ही खऱ्या. कुठली जिंकेल ते आधीच सांगता येत नाही, मोजावंच लागतं.

मोजायची एक अद्भुत संधी आइसलँडनं दिली. तिथं कर आदल्या वर्षीच्या मिळकतीवर भरायची पद्धत होती. १९८८पासून चालू मिळकतीवर कापायचं ठरलं. १९८७ साली लोकांनी १९८६चा कर भरला, १९८८ साली १९८८चा. १९८७ची कमाई मधल्यामध्ये पूर्ण करमुक्त सुटली. लोकांना हे आधी कळलं होतं. त्या एका वर्षी लोकांनी खरंच जास्त काम केलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा जुन्या चालीवर आले. म्हणजे पहिली ओढ खोटी नाही. पण त्या वर्षानं काय दाखवलं तेही नीट पाहायला हवं: माणसांनी काम कधी करायचं ते बदललं. वर्षभराच्या करमाफीसाठी कुणी नवा पेशा निवडत नाही.

करामुळे जागा मात्र बदलते. स्पेननं २००४पासून बाहेरून येणाऱ्या गलेलठ्ठ पगाराच्या लोकांना सुमारे २४ टक्क्यांचा सपाट दर दिला. डेव्हिड बेकहॅम त्याच सुमारास माद्रिदला खेळत असल्यामुळे लोकांनी त्या कायद्याला त्याचंच नाव दिलं. क्लेवन, लांदे आणि साएझ या अर्थतज्ज्ञांनी युरोपातल्या फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बाहेरचे अव्वल खेळाडू कमी कराच्या देशाकडे स्पष्ट वळलेले दिसले. पण कराला कंटाळून चेंडू सोडणारा कुणी नव्हता. बदलला तो फक्त क्लब.

आता हाच प्रश्न लाखांदूरला आणू. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा हा धानाचा तालुका. एका बाजूला वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरी, दुसऱ्या बाजूला गडचिरोलीचा देसाईगंज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी वडसा. इथल्या एका वर्गातल्या दोन मैत्रिणी डोळ्यांपुढे आणा. पहिली लवकर कमावती झाली आणि तीस वर्षं दर वर्षी १२ लाख मिळवत राहिली. दुसरी एमबीबीएस, मग सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण, मग आणखी उमेदवारी करून दहा वर्षं उशिरा कमावू लागली आणि वीस वर्षं दर वर्षी १८ लाख मिळवत राहिली. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे गोल घेतले आहेत. दोघींची जन्माची कमाई सारखीच: तीन कोटी साठ लाख.

कर मात्र सारखा नाही. २०२५-२६च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सूट मिळून पहिलीचा कर शून्य. दुसरीला १८ लाखांवर स्लॅबप्रमाणे एक लाख साठ हजार, त्यावर चार टक्के उपकर, मिळून १,६६,४०० रुपये. वीस वर्षांचे झाले ३३ लाख २८ हजार. कमाई तेवढीच आणि कर तेहतीस लाखांनी जास्त, का? तर तिची कमाई उशिरा आणि एकगठ्ठा आली म्हणून. प्राप्तिकर एका वेळी एकच वर्ष पाहतो. ज्या वर्षांत ती रात्रपाळ्या करून शिकत होती, ती वर्षं त्याच्या वहीत नाहीतच. कर अवघड पेशावर नकळत जादा बसतो तो इथे, आणि सर्वोच्च दरावरच्या वादावादीत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

तरीही ती डॉक्टर व्हायचं सोडते का? २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला तेवीस लाखांहून अधिक मुलं बसली, आणि एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या आसपास. दारात एवढी रांग असताना कर माणसांना परत पाठवतो असं म्हणणं धाडसाचं आहे. लाखांदूरच्या मुलीला जे अडवतं ते रस्त्याच्या पहिल्याच वळणावर उभं असतं: नागपूरच्या शिकवणीची फी, तिथल्या खोलीचं भाडं, रोवणीच्या दिवसांत घरात कमी पडणारे दोन हात, आणि एक प्रयत्न हुकला तर वाया जाणारं आख्खं वर्ष. कर येतो त्या रस्त्याच्या शेवटी. तिथवर पोहोचलेला माणूस क्वचितच मागे फिरतो.

याच मुलखात मात्र याच्या नेमकी उलट गोष्टही घडलेली आहे, आणि तिच्यापुढे मी दर वेळी थक्क होतो. पूर्व विदर्भात हजारो जुने तलाव आहेत. कागदोपत्री ते माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. त्यातले कितीतरी कोहळी समाजानं बांधले. शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं सांगितला जातो. चांद्याच्या गोंडराजांबद्दल परंपरा अशी सांगते की, जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला त्या गावाचा मान, आणि जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन खुदकाश्त, म्हणजे स्वतः कसायला. उतार ओळखायचा, पाळीची माती दाबायची, सांडवा कुठे काढायचा हे ठरवायचं, हे त्या काळातलं अत्यंत अवघड शास्त्र होतं. ते शिकणाऱ्याला राज्यानं सांगितलं की या कष्टाचं फळ तुझंच. माणसं आली आणि त्यांनी डोंगराच्या कुशीकुशीत पाणी अडवलं. पुढे १९५०च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले. मालगुजारी जाणं न्याय्यच होतं. पण पाळ सांभाळण्यात ज्याचा थेट स्वार्थ होता तो माणूस त्याबरोबर गेला, आणि गाळ साचत राहिला.

कराची दुसरी बाजूही याच मातीत दिसते. महाराष्ट्रात अगदी कमी पगाराचे सोडले, तर बहुतेक नोकरदारांची पगाराची चिठ्ठी उघडा. व्यवसाय कराचे दर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००. राज्यघटनेनं घातलेली ही कमाल मर्यादा १९८८पासून तेवढीच आहे. राज्यानं १९७५ साली हा कर आणला तो वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. कारकून आणि सर्जन दोघांनाही तेवढाच. जादा रुपयावर जादा दमडी नाही, त्यामुळे जादा कष्टाला आडकाठीही नाही. शहरातल्या पेशातून निघालेला पैसा खेड्यातल्या माणसाच्या हाताला काम देतो, असा या कराचा मूळ आराखडा होता.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आजच्या दरांनी इथला कुणी हुशार मुलगा किंवा मुलगी अवघड वाट सोडत नाही. वरच्या स्लॅबला आणखी सूट दिल्यानं लाखांदूरला एकही सर्जन जास्त मिळणार नाही. पण जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, नव्या प्रणालीत ती मिळत नाही. जी मुलगी कर्ज काढून दहा वर्षं शिकली, तिच्या हिशेबात ती दहा वर्षं दिसण्याची तेवढीच एक जागा होती. ती वजावट नव्या प्रणालीत परत आणा, आणि आपल्या खासदारांकडे हे मागणं लावून धरा.