हाडात रुजलेले दात

निसर्ग मनुष्याला दात दोनदा देतो. तिसऱ्यांदा देत नाही. बालपणी दुधाचे २० दात येतात. ते पडून कायमच्या दातांची भर पडत पडत प्रौढपणी त्यांची संख्या ३२ होते. यांतील एखादा दात गेला, तर त्याची उणीव उरलेले दात कशीबशी भरून काढतात. परंतु सर्वच दात गेले म्हणजे हानी केवळ दातांपुरती राहत नाही. घास नीट चावला जात नाही, त्यामुळे भाकरी, उसळ, कच्ची फळे हे पदार्थ ताटातून हळूहळू नाहीसे होतात. त, थ, द, ध या वर्णांना आपले व्याकरणकार दंत्य म्हणतात, ते उगीच नव्हे. दातांचा आधार सुटला की उच्चारही ढिला पडतो. गाल आत जातात, हनुवटी नाकाकडे सरकते आणि माणूस आपल्या वयाहून अधिक वृद्ध दिसू लागतो. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण दैवाच्या विपरीतपणाविषयी असली, तरी तिच्यातील दुसरी अवस्था कित्येकांच्या वाट्याला शब्दशः येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगातील साठीच्या पुढील माणसांपैकी सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही.

गेलेल्या संपूर्ण दंतपंक्तीची जागा विज्ञान आज कशी भरून काढते, हे या लेखात पाहावयाचे आहे. त्यासाठी प्रथम जुन्या उपायाची मर्यादा समजून घेतली पाहिजे.

कवळी आणि तिच्याखालचे हाड

कृत्रिम दातांचा इतिहास जुना आहे. इटलीतील प्राचीन इट्रुस्कन लोक सोन्याच्या पट्टीने कृत्रिम दात शेजारच्या दातांना बांधीत असत. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली अधिकारपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता. त्यांची कवळी लाकडाची होती असे सांगतात, पण ते खरे नव्हे. ती हस्तिदंत, धातू आणि माणसांचे व जनावरांचे दात यांची बनविलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कडक केलेल्या रबराची बैठक प्रचारात आली, आणि १९३० नंतरच्या दशकात तिची जागा ॲक्रिलिक नावाच्या प्लॅस्टिकने घेतली. आजही सामान्यतः कवळी याच पदार्थाची करतात.

कवळीने आजवर असंख्य लोकांची सोय केली आहे. तथापि तिच्यात एक मूलभूत उणीव आहे: ती हिरडीवर नुसती टेकलेली असते. वरची कवळी टाळूच्या विस्तारामुळे व लाळेच्या पातळ थरामुळे बऱ्यापैकी चिकटून राहते. परंतु खालच्या कवळीला टेकावयास नालाच्या आकाराची एक अरुंद कड तेवढी मिळते, आणि जीभ तर तिला सतत हलवीत असते. म्हणूनच कवळी वापरणाऱ्याच्या चाव्याचा जोर नैसर्गिक दातांच्या मानाने फारच कमी, बहुधा चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच, भरतो.

याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. जबड्याच्या ज्या कडेत दातांची मुळे बसलेली असतात, ती कड दातांसाठीच असते. चावताना पडणारा ताण मुळांवाटे हाडात पोहोचतो आणि त्या ताणामुळे हाड टिकून राहते. दात गेले की हा ताण संपतो आणि शरीर ते हाड हळूहळू विरघळवून टाकते. ही झीज दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असते. पुढे तिचा वेग मंदावतो, पण ती थांबत मात्र नाही. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ वर्षांच्या काळातील निरीक्षणांवर आधारलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, कवळी वापरणाऱ्यांच्या खालच्या जबड्याची झीज वरच्या जबड्याच्या सुमारे चौपट होते. म्हणजे ज्या जबड्यात कवळीला आधार आधीच तोकडा, तिथेच तो अधिक त्वरेने नाहीसा होतो. आज घट्ट बसणारी कवळी काही वर्षांनी सैल का होते, याचे कारण हेच होय. कवळी तीच असते, तिच्याखालचे हाड बदललेले असते.

सशाच्या पायातील धातू

यावर उपाय उघड होता: दाताला मूळ द्यावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निरनिराळ्या धातूंच्या खुंट्या जबड्यात बसविण्याचे प्रयत्न झाले. त्यांतील बहुतेकांची गत एकच झाली. शरीराने त्या परक्या वस्तूभोवती मऊ तंतूंचे वेष्टन तयार केले, त्या वेष्टनात खुंटी डगमगू लागली, आणि शेवटी ती काढावी लागली.

या कोंडीतून वाट निघाली, ती दातांशी संबंध नसलेल्या एका प्रयोगातून. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात पेर-इंग्वार ब्रोनेमार्क (१९२९–२०१४) हे तरुण संशोधक हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियम धातूची एक लहानशी कुपी बसवून, तिच्यातील भिंगातून ते सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत हाडाचे निरीक्षण करीत. १९५२ साली प्रयोग संपल्यावर त्यांनी ती कुपी काढू पाहिली, पण ती निघेना. हाड धातूच्या पृष्ठभागाला इतके घट्ट बिलगले होते की, दोहोंमध्ये मऊ तंतूंचा थर उरलाच नव्हता.

दुसऱ्या एखाद्याने ही अडचण समजून हळहळ केली असती. ब्रोनेमार्क यांनी तिच्यातच प्रश्नाचे उत्तर पाहिले. पुढे गोथेनबर्ग येथे त्यांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि १९६५ साली प्रथमच एका मनुष्याच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमच्या चार खुंट्या बसविल्या. या रुग्णाच्या जबड्यात जन्मतःच व्यंग होते आणि खालचे दात नव्हते. ते २००६ साली निवर्तले, तोवर चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या खुंट्या आपले काम करीत होत्या. हाड आणि धातू यांच्या या मिलनाला ब्रोनेमार्क यांनी ‘ऑसिओइंटिग्रेशन’ हे नाव दिले. आपण त्याला अस्थि-एकात्मता म्हणू. दंतवैद्यांच्या जगाला मात्र ही कल्पना सहज पटली नाही. दहा वर्षांच्या अनुभवाचा वृत्तांत १९७७ साली प्रसिद्ध झाला, आणि १९८२ साली कॅनडातील टोरांटो येथील परिषदेनंतरच तिला व्यापक मान्यता मिळाली.

हाड धातूला का स्वीकारते?

टायटॅनियम हवेत येताच त्याच्यावर त्याच्याच ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ व चिवट थर तयार होतो. हा थर शरीरातील द्रवांत विरघळत नाही आणि आसपासच्या पेशींना त्रास देत नाही. एका दृष्टीने पाहिले, तर हाडाची गाठ धातूशी पडतच नाही. ती या थराशी पडते. हा धातू ज्या इल्मेनाइट नावाच्या खनिजापासून मिळतो, ते आपल्या देशात केरळच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत विपुल आहे, आणि कोकणात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आढळते.

परंतु योग्य धातू निवडणे एवढ्याने काम भागत नाही. हाड ही जिवंत वस्तू आहे, आणि तिच्या दोन अटी आहेत.

पहिली अट उष्णतेची. खुंटीसाठी छिद्र पाडताना घर्षणाने हाड तापते. ते ४७ अंश सेल्सियसवर एक मिनिट राहिले, तरी त्याला इजा पोहोचते, असे १९८३ साली सशांवरील प्रयोगांत दिसून आले. म्हणून छिद्र एकदम मोठे न पाडता, धारदार उपकरणांनी पायरीपायरीने रुंद करतात आणि त्यावर सारखे मिठाचे निर्जंतुक पाणी सोडतात.

दुसरी अट स्थैर्याची. खुंटी बसविल्यापासून हाड तिला बिलगेपर्यंत ती हलता कामा नये. ही हालचाल मिलिमीटरच्या दहाव्या-सातव्या भागाहून अधिक झाली, तर हाडाऐवजी मऊ तंतू वाढतात आणि जुन्या खुंट्यांची गत हिलाही येते. याच भीतीने ब्रोनेमार्क खुंटी बसवून वरून हिरडी शिवून टाकीत, आणि खालच्या जबड्यात सुमारे तीन, तर हाड अधिक मऊ असलेल्या वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने वाट पाहत. त्यानंतरच हिरडी उघडून खुंटीवर दात चढविले जात.

थोडे खांब, संपूर्ण मंडप

वाचकांच्या मनात येथे असा प्रश्न उद्भवेल की, सर्व दात गेले असतील तर प्रत्येक दातासाठी एक अशा बत्तीस खुंट्या बसवाव्या लागतात काय? तशी मुळीच गरज नाही. मंडप उभारताना कापडाच्या प्रत्येक हाताखाली खांब लागत नाही. योग्य जागी थोडे भक्कम खांब रोवले की त्यांवर सगळा मंडप तोलला जातो. जबड्याचेही तसेच आहे. सामान्यतः खालच्या जबड्यात चार ते सहा आणि वरच्या जबड्यात चार ते आठ खुंट्यांवर दहा-बारा दातांचा एकसंध सेतू घट्ट बसविता येतो.

हे खांब कोठे रोवावयाचे, हे शरीररचनेवर अवलंबून असते. खालच्या जबड्याच्या मागील भागातून ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो. वरच्या जबड्यात दाढांच्या वर हवेने भरलेली पोकळी असते, आणि हाड झिजले की तिच्या तळाशी खुंटी धरण्यापुरती जाडी उरत नाही. म्हणून त्रिमिती क्ष-किरण चित्र घेऊन हाडाची उंची व जाडी आधी मोजतात. पोर्तुगालमधील लिस्बनचे दंतवैद्य पाउलो मालो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चारच खुंट्या असतात: पुढच्या दोन सरळ, मागच्या दोन तिरप्या. तिरप्या खुंटीमुळे नस व पोकळी दोन्ही टळतात आणि सेतूला मागपर्यंत आधार मिळतो. खुंट्या पुरेशा घट्ट बसल्या, तर त्या एकमेकींना जोडणारा तात्पुरता सेतू एका-दोन दिवसांतही बसविता येतो. जोडलेल्या असल्यामुळे त्या फारशा हलत नाहीत. तथापि ‘एका दिवसात दात’ हे शब्द ऐकून कोणी फसू नये. हाडाला लागणारे महिने तेवढेच लागतात. त्या काळात आहार मऊच ठेवावा लागतो, आणि कायमचा सेतू त्यानंतरच बसतो.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. खालच्या जबड्यात पुढे दोनच खुंट्या बसवून त्यांवर कवळी दाबाच्या बटणासारखी अडकवितात. ती काढून धुता येते, पण बोलताना-चावताना सरकत नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी प्रथम पसंती म्हणून याच उपायाची शिफारस केली.

नव्या दातांची निगा

धातूच्या मुळावरचे दात किडत नाहीत, म्हणून त्यांना निगेची गरज नाही, असा समज करून घेणे घातक आहे. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक नाजूक गादी असते. ती धक्के सोसते आणि घासात खडा आला तर तत्काळ सूचना देते. धातूच्या खुंटीला ही गादी नसते. खुंटी व हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा थर साचला, तर प्रथम हिरडी सुजते आणि पुढे खुंटीभोवतीचे हाड झिजू लागते. बहुधा वेदना नसल्याने रुग्णाला ते कळतही नाही. म्हणून सेतूच्या खालची बाजू रोज बारीक ब्रशाने साफ करणे आणि ठरावीक काळाने दंतवैद्याकडून तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे.

तंबाखू ओढणाऱ्यांत अपयशाचे प्रमाण अधिक असते, कारण धुराने हिरडीचा रक्तपुरवठा मंदावतो. मधुमेह आटोक्यात नसेल, तर जखम नीट भरत नाही. हाडांच्या ठिसूळपणावर किंवा कर्करोगावर दिली जाणारी काही औषधे जबड्याचे हाड बरे होण्यात अडथळा आणतात. अशी औषधे घेणाऱ्याने ती गोष्ट दंतवैद्यास शस्त्रक्रियेपूर्वीच सांगितली पाहिजे. वय हा मात्र स्वतंत्रपणे अडथळा नाही. प्रकृती ठीक असलेल्या वृद्धांच्या जबड्यातही खुंट्या चांगल्या रुजतात.

तेव्हा दात गमावलेल्या व्यक्तीने निर्णय घेताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हाड झिजण्याचे काम रोज चालू असते. म्हणून रोपण करावयाचे असो वा नसो, जबड्याची तपासणी लवकर करून घ्यावी. चार खुंट्या, सहा खुंट्या, दोन खुंट्यांवरची कवळी, की साधी कवळी, हा निर्णय हाड, प्रकृती आणि ऐपत पाहून करावयाचा असतो. सर्वांसाठी एकच उत्तर नसते. आणि ज्यांचे दात अद्याप शाबूत आहेत, त्यांनी ते राखावेत. धातूचे मूळ हाडात कितीही घट्ट रुजले, तरी घासातील खडा ओळखणारी ती तंतूंची गादी अद्याप कोणत्याही कार्यशाळेत तयार झालेली नाही.